शेवटच्या आकड्याचा फरक

फोनवरून आपल्याला टोपी घालणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं दादांचं ठाम मत होतं. दादांच्या बायकोचं मत वेगळं होतं. पण ती ते भांड्यांच्या आदळआपटीतून मांडायची, त्यामुळे ते दादांपर्यंत कधी पोचलं नाही.

दादांचं दुकान फ्रेमचं. लग्नाचे फोटो, प्रशस्तिपत्रकं, नातवंडांनी काढलेले वाकडेतिकडे हत्ती, काहीही आणा, दादा त्याला काच आणि चौकट घालून देणार. काच कापण्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. हिरा काचेवरून एकदाच फिरवायचे, टेबलाच्या कडेला हलकी टिचकी द्यायचे, की काच सुतासारखी सरळ तुटायची. असा माणूस स्वतःला थोडा शहाणा समजणारच. दादा थोडं जास्त समजायचे, एवढंच.

फोनवरच्या चोरांशी त्यांची लढाई सुरू झाली ती शेजारच्या टेलरबाईंमुळे. एके दुपारी टेलरबाई गळ्यात टेप, कानाला फोन आणि चेहरा पांढराफटक अशा अवतारात दुकानात शिरल्या. कुणी बँकेतून बोलत होता. कार्ड बंद पडणार आहे, आत्ताच्या आत्ता मोबाइलवर आलेला नंबर वाचून दाखवा, फोन ठेवू नका आणि कुणाशी बोलू नका. टेलरबाईंनी पहिले दोन आकडे वाचलेही होते. दादांनी झडप घालून फोन हिसकावला.

"कुठल्या शाखेतून बोलताय?"

"मुख्य शाखेतून, सर."

"बरं. मग तुमच्या शाखेच्या समोर काय आहे, सांगा."

 मग खट्‌ करून फोन बंद. टेलरबाईंचा जीव भांड्यात पडला आणि त्या दिवसापासून दादा अख्ख्या गल्लीचे फोनतज्ज्ञ झाले.

आता खरी गोष्ट अशी, की आदल्याच आठवड्यात दादा स्वतः फसता फसता वाचले होते. न मागवलेलं पार्सल अडकलंय म्हणून 'एक' दाबा असं एका गोड आवाजाने सांगितलं, आणि दादांनी आज्ञाधारकपणे 'एक' दाबला होता. फोन लेकीने वेळेवर काढून घेतला. लेक फोन कंपनीच्या तक्रारींच्या विभागात कामाला. दिवसभर लोकांची रडगाणी ऐकून तिला या भामट्यांची कुंडली पाठ झाली होती.

"बाबा, एक लक्षात ठेवा," ती म्हणाली होती, "खरा माणूस घाई करत नाही. वीज आज संध्याकाळी कापू, खातं आत्ता बंद करू, पोरगं अपघातात सापडलंय आणि लगेच पैसे पाठवा, असं कुणी म्हणालं की समजायचं. तुम्हाला विचार करायला वेळ मिळाला तर त्याचा धंदा बसतो. आणि ओटीपी विचारणारा सख्खा मामा असला तरी फोन ठेवायचा."

"सख्खा मामा कशाला विचारेल?"

"तेच म्हणतेय मी."

हे सगळं ज्ञान दादांनी आपलं म्हणून गल्लीभर वाटायला सुरुवात केली. गिऱ्हाईक माप सांगायला आलं, की टेप पसरता पसरता दादांचं व्याख्यान सुरू. माणूस फोटोला फ्रेम करून घ्यायला यायचा आणि अर्धा तास ओटीपीवर ऐकून जायचा. काही जण पुन्हा आलेच नाहीत.

इथवर ठीक होतं. पण दादांचा संशय पुढे हाताबाहेर गेला. दातांच्या दवाखान्यातून एका मुलीचा फोन आला, की उद्या सकाळची तुमची वेळ आहे.

"कुठला दात?" दादांनी विचारलं.

"बघून सांगते हं, काका."

"बघून? म्हणजे माहीत नाही! माझा दात, तुझा दवाखाना, आणि तुला माहीत नाही?" असं म्हणून दादांनी विजयी मुद्रेने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी वेळ टळली आणि गाल फुगला. सूज उतरेपर्यंत ते पातळ पेज पीत बसले, आणि बायकोने पेज वाढताना एक अक्षर काढलं नाही. तेच जास्त झोंबलं.

मग शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन. वार्षिक बक्षिसांची सगळी प्रशस्तिपत्रकं फ्रेम करायची होती. एवढं मोठं काम आपणहून चालून येतंय म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय, असं दादांनी ठरवलं. बाईंना त्यांच्या शाळेचा रंग विचारला, घंटा वाजवणाऱ्याचं वर्णन विचारलं, शेवटी पाढे म्हणायला लावले. बाईंनी सातचा पाढा निम्मा म्हटला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण मुख्याध्यापिका आहोत. काम दुसऱ्या दुकानात गेलं.

"अहो, चोराला घाबरून दार लावणं समजू शकते मी," बायको त्या दिवशी तोंड उघडून म्हणाली, "तुम्ही तर दाराला भिंतच बांधलीत."

दादा हातातला टेप गुंडाळत राहिले. कारण ते काम कुठल्या दुकानात गेलं, हे त्यांना कळलं होतं. पुलापलीकडे. धाकट्याच्या दुकानात.

हा धाकटा म्हणजे दादांचा सख्खा भाऊ. दुकान पूर्वी दोघांचं होतं. दादा काच कापायचे, धाकटा लाकडाच्या पट्ट्या. चौकटीचे कोपरे तो असे जुळवायचा, की नख फिरवलं तरी सांधा लागायचा नाही. आज दादांच्या फ्रेमांचे कोपरे ठीक असतात, इतकंच म्हणता येईल. वर्षानुवर्षं दोघं एका टेबलाच्या दोन टोकांना उभे राहून काम करत आले. आणि मग एक दिवस एका चित्रकाराने एक चित्र आणून दिलं. त्यात निळं, पिवळं आणि मधे काळा फराटा. त्याच्या पाठीवर हूक कुठल्या बाजूला मारायचा, हा प्रश्न आला. एक म्हणाला ही बाजू वर, दुसरा म्हणाला ती. हूक मारला गेला, चित्र मोठ्या हॉलमध्ये लागलं, चारचौघांत चित्रकाराने ते पाहिलं आणि आकाशपाताळ एक केलं. चित्र उलटं होतं. ती बाजू कुणी सांगितली होती, यावर भावाभावांत जुंपली. दादा म्हणाले तू, धाकटा म्हणाला तू. शब्दाला शब्द वाढला. धाकट्याने आपली करवत कापडात गुंडाळली आणि तो निघून गेला. त्यानंतर त्याने पुलापलीकडे स्वतःचं दुकान टाकलं.

दोघांचाही एकच हट्ट, की आधी त्याने फोन करावा. दादांचं म्हणणं, मी मोठा, मी का करू. धाकट्याचं म्हणणं दादांना माहीत नव्हतं, पण ते काय असेल याचा अंदाज होता, कारण दोघांची नाकं एकाच साच्यातली. बायका आपापसात बोलायच्या, मुलं एकमेकांकडे जायची. फक्त या दोघांचा अबोला. रागाच्या भरात दादांनी फोनमधून धाकट्याचं नाव पुसलं होतं. त्याचा उपयोग शून्य होता. दोघांनी मोबाइल एकाच दिवशी, एकाच काउंटरवरून घेतले होते, आणि नंबर एकापाठोपाठचे मिळाले होते. दादांच्या नंबरचा शेवटचा आकडा एकाने वाढवला की धाकटा. स्वतःचा नंबर विसरल्याशिवाय त्याचा विसरणं शक्यच नव्हतं.

आणि नेमकी तीच गोष्ट त्यांच्या मुळावर आली.

झालं असं, की त्या महिन्यात दादांना चमत्कारिक फोन येऊ लागले. नंबर अगदी गावातला, सुरुवातीचे सगळे आकडे आपल्याच नंबरासारखे. उचलला की कुणी कर्ज देतंय, कुणी विमा, कुणी बक्षिसात गाडी. जेवताना दादांनी तक्रार केली.

"ही त्यांची नवी युक्ती," लेक म्हणाली. "नंबर त्यांचा नसतोच. तुमच्या नंबराशी मिळताजुळता एखादा नंबर स्क्रीनवर दिसेल अशी सोय ते करतात. आपल्याला वाटतं, जवळचाच कुणीतरी आहे, आणि आपण उचलतो. ज्याचा नंबर दिसतो त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो. म्हणून असा मिस्ड कॉल आला तर उलटून फोन करायचा नाही."

"अजिबात नाही," दादा म्हणाले. "तेवढं कळतं मला."

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा आरशाची मोठी काच कापत होते. अशा वेळी फोन वाजला तरी ते बघत नसत, कारण हात हलला की काच गेली. काम संपवून, हात पुसून त्यांनी फोन पाहिला. एक मिस्ड कॉल. नाव नाही, नुसता नंबर. सगळे आकडे त्यांचेच. शेवटचा तेवढा एकाने जास्त.

दादा स्टुलावर बसले.

पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं, की हा चोर. लेकीने कालच सांगितलं, तंतोतंत तसाच नंबर. मग मनात आलं, की हा धाकटा. नंबर त्याचाच आहे, दुसऱ्या कुणाचा असणार? मग धास्ती वाटली, की त्याला काही झालं तर नसेल? इतक्या वर्षांत कधी फोन केला नाही आणि आज भरदुपारी करतो, म्हणजे काय? मग परत वाटलं, की हाच तर चोरांचा डाव, जवळच्या माणसाच्या काळजीने जीव टांगणीला लावायचा. दादा उठले, बसले, पुन्हा उठले. टेलरबाईंनी दारातून हे पाहिलं.

"दादा, काय हो, झुरळ आहे का?"

दादांनी फोन पुढे केला आणि सगळं सांगितलं. टेलरबाईंना अबोल्याची गोष्ट ठाऊक होती. गल्लीत ठाऊक नव्हती असा एकही नव्हता.

"मग करा की फोन."

"आणि त्याने केलेला नसला तर? मग मीच आधी केला असं होईल. जन्मभर मिरवेल तो. आणि त्याने केलेला असला आणि मी नाही केला, तर म्हणेल, मी पाऊल उचललं आणि दादाने ढुंकून पाहिलं नाही. परत कधी करेल? नाही करणार. मी ओळखतो ना त्याला. मी असतो तर मीही केला नसता."

"माझ्या फोनवरून करू का मी?"

"नको. तो अनोळखी नंबर उचलत नाही. बायको सांगत होती, तो माझ्याहून वरचढ झालाय त्यात."

अशी दोन माणसं एकाच घरात जन्मल्याबद्दल टेलरबाईंना त्या आईची दया आली असावी. जाता जाता त्या म्हणाल्या, "दादा, चोर असला तर काय नेईल? तुम्ही काही ओटीपी देणार नाही. भाऊ असला आणि तुम्ही गप्प बसलात, तर मात्र गेला म्हणून समजा."

हे बोलणं दादांच्या वर्मी लागलं. पण ताठा इतका जुना होता, की तो एका वाक्याने वाकणार नव्हता. संध्याकाळपर्यंत त्यांनी एक काच वाया घालवली, एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच नातू बांधून दिला, आणि शेवटी दुकानाचं शटर अर्धं ओढून आतल्या बाजूला, लाकडी पट्ट्यांच्या ढिगाजवळ जाऊन उभे राहिले. काय म्हणायचं ते ठरवलं. 'तुझा मिस्ड कॉल होता, म्हणून केला.' एवढंच. आवाज कोरडा ठेवायचा. आणि त्यांनी नंबर लावला.

खूप वेळ रिंग वाजली. मग कुणीतरी उचलला, पण बोललं नाही. नुसता श्वास.

"हॅलो," दादा म्हणाले.

"कोण पाहिजे?" आवाज धाकट्याचा. जरा जाडावलेला, पण त्याचाच. 

"मी बोलतोय."

"मी म्हणजे कोण?"

"अरे मी! दादा!"

"ते सगळेच म्हणतात," धाकटा म्हणाला. "गेल्या आठवड्यात याच नंबरवरून फोन आला होता. मी वेड्यासारखा 'दादा' म्हणून ओरडलो, तर एक बाई म्हणाली, तुमचं पार्सल अडकलंय. दोनदा फसायला मी काही एवढा हा नाही. दादा असाल तर सिद्ध करा."

दादांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. एक तर त्यांची स्वतःची विद्या त्यांच्यावरच उलटली होती. आणि दुसरं म्हणजे, त्यांचा नंबर दिसताच धाकटा 'दादा' म्हणून ओरडला होता. ते वाक्य त्यांनी मनात पुन्हा एकदा ऐकून घेतलं.

"विचार काय विचारायचं ते," दादा म्हणाले.

"दादा कशाला घाबरतो?"

"कबुतराला."

"ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. शाळेच्या नाटकात मी काय होतो?"

"झाड. आणि उभ्या उभ्या झोपलास. पडलास तो थेट राजाच्या अंगावर. राजाचा मुकुट माझ्या मांडीवर येऊन पडला."

पलीकडे जरा खाकरल्याचा आवाज आला. "आईने आपल्याला एकाच मापाचे स्वेटर का विणले होते?"

"माप फक्त माझं घेतलं म्हणून. तू माप देताना कधी सापडलास? तुझा गुडघ्यापर्यंत यायचा. तू तो थंडीभर घातलास आणि मी हसलो म्हणून तिने मला धपाटा घातला." दादांना एकाएकी हसू फुटलं. "आता मी विचारू का एक? की माझी परीक्षा अजून चालू आहे?"

"दादा," धाकटा म्हणाला. 

दादांनी गडबडीने आपलं ठरवलेलं वाक्य गाठलं. "तुझा दुपारी मिस्ड कॉल होता, म्हणून केला."

"मिस्ड कॉल?" धाकटा पुटपुटला. ते ऐकून दादांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गेल्या आठवड्यात याच्याकडे माझा नंबर दिसला, आज माझ्याकडे याचा. दोन्ही वेळा चोरच. याने केलाच नव्हता फोन. मीच केला, मी आधी केला, आणि आता हा तसं म्हणणार. कानाची पाळी गरम झाली. फोन ठेवून द्यावा असं त्यांना वाटलं.

"हो," धाकटा म्हणाला. "मीच केला होता."

आणि त्याच क्षणी मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, स्वच्छ, खणखणीत: "कुणाला केलात? अहो, फोन सकाळपासून दुरुस्तीवाल्याकडे पडला होता ना? आत्ताच तर घेऊन आलात!"

"तू गप गं जरा," धाकटा हळूच म्हणाला. हळूच म्हणजे काय, दादांना श्वाससुद्धा ऐकू आला.

दादा पट्ट्यांच्या ढिगावर टेकले. धाकट्याला त्याच्या बापजन्मात खोटं बोलता आलं नव्हतं. आवाज अर्धी पट्टी चढायचा आणि शब्द भरभर यायचे. गल्लीतल्या शेंबड्या पोरानेही पकडलं असतं. इतकी वर्षं ज्या एका वाक्यासाठी दोघं अडून बसले होते, ते त्याने सरळ आपल्या डोक्यावर घेतलं होतं, आणि तेही खोटं. दादांचे डोळे भरून आले. त्यांनी ते शर्टाच्या बाहीने पुसले आणि आवाज शक्य तेवढा मोठ्या भावासारखा केला.

"बरं झालं केलास," ते म्हणाले. "काय काम होतं?"

आता आली का पंचाईत! धाकट्याकडे काम कुठलं असणार? पलीकडे चुळबुळ ऐकू आली, काहीतरी खाली पडलं, कुणीतरी कुजबुजलं.

"काच," धाकटा एकदम म्हणाला. "काच कापून हवी होती. इथला माणूस धड कापत नाही."

"माप सांग."

"माप... हो, माप. माप काढायचं राहिलंय. थांब हं, दादा, आत्ता काढतो. फोन चालू ठेव."

आणि दादांना पलीकडे त्याची धांदल ऐकू येऊ लागली. खण उघडले, खण लागले, टेप शोधला जात होता. जिला काच बसवायची अशी एखादी चौकट घरात कुठे आहे का, ते बायकोला विचारलं जात होतं. ती म्हणत होती, सगळ्यांना काच आहे. तो म्हणत होता, मग एखादीची काढ.

"सावकाश काढ," दादा फोनमध्ये म्हणाले. "मला काही घाई नाही."